सांगितलं की गुण जातो?



या पानावर एरवी कांद्याच्या, सोयाबीनच्या आणि गोठ्याच्या नोंदी असतात. आजची नोंद झाडपाल्याची आहे. जरा लांब आहे, सवडीनं वाचा. दावणीला जनावर असेल त्यांनी तर वाचाच.

महिन्याभरात चार जणांनी फोनवर एकच विचारलं, "दगडीवर कोरफडीचा लेप लावतात म्हणे, खरंच चालतो का?" आणि आमच्या भागातल्या कृषी सहायक मॅडमनी वेगळंच विचारलं. "काका, गावठी औषधं परत सुरू केली पाहिजेत असं सगळेच म्हणतात. पण परत सुरू करायची म्हणजे नेमकं करायचं काय?" पहिल्या प्रश्नाला उत्तर द्यायला माझी गोठ्यातली वही पुरते. दुसऱ्याचं उत्तर शोधण्यात माझे तीन पावसाळे गेले. दोन्ही एकदमच लिहितो, कारण ते एकमेकांत गुंतलेले आहेत.

आमचा अकोले तालुका. वर पश्चिमेला भंडारदरा, हरिश्चंद्रगडाचा डोंगर; तिकडं भात, नागली आणि हिरडा. खाली संगमनेरच्या अंगाला ऊस, कांदा आणि संकरित गाई. आमचं गाव या दोन्हीच्या मधे. त्यामुळं आमच्याकडं दुधाचे कॅनही आहेत आणि झाडपाला जाणणारी माणसंही आहेत. म्हणजे होती. आता एकच उरलीय.

गावाला लागून ठाकरवाडी आहे. तिथं एक म्हातारी आहे, सगळं गाव तिला आत्या म्हणतं. वय विचारलं तर सांगते, "बहात्तरच्या दुष्काळात मी दोन पोरं पदरात घेऊन खडी फोडायला जात होते." त्यावरून काय तो हिशोब करा. गाईचं पोट फुगलं, शेळीच्या जखमेत अळ्या पडल्या, बारक्या पोराचा खोकला हटेना, की लोक आत्याकडं जायचे. ती पैसे घेत नाही. नारळ नि अगरबत्ती द्यायची, बस. पैसे घेतले की गुण जातो म्हणते. आणि दुसरा नियम, औषध कुणाला सांगितलं तरी गुण जातो. म्हणून पाला देताना कुटून, चुरगाळून द्यायची. कुठल्या झाडाचा हे कळायला नको.

या नियमाला शिकलेली माणसं हसतात. मी हसत नाही. आत्याच्या नावावर सातबारा नाही, घरात सोनं नाही. तिच्या आईनं तिला दिलं ते एवढंच. ज्याच्याकडं दुसरं काही नाही तो आहे ते झाकूनच ठेवणार. शिवाय त्यात शहाणपणही आहे. अर्धवट माहिती कुणाच्याही हाती गेली तर कुणी काहीही पाजील. ठेचायचा पाला कुणी उकळून देईल, लावायचं ते कुणी प्यायला देईल.

पण आता दिवस बदलले. आत्याचा थोरला नारायणगावला मजुरीला जातो, धाकटा संगमनेरला बांधकामावर. नातवंडं आश्रमशाळेत. शिकायला जवळ कुणी नाही. त्यात तिच्या डोळ्यात मोतीबिंदू. आता न सांगता ती गेली तर गुणही जाणार नि औषधही जाणार.

तिचं तोंड कसं उघडलं

२०२२ च्या पावसाळ्यात लंपी आली. आपल्या राज्यात ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यापासून सुरुवात झाली आणि बघता बघता सगळीकडं पसरली. बैलबाजार बंद झाले. त्या वेळी जनावरांच्या डॉक्टरांनी लस टोचली आणि सोबत एक कागद दिला. आणंदच्या एन.डी.डी.बी.नं, म्हणजे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं प्रसारित केलेला देशी उपचार त्यावर होता. पोटातून द्यायला १० विड्याची पानं, १० ग्रॅम मिरी, १० ग्रॅम मीठ, वाटून गुळात. आणि फुटलेल्या गाठींच्या जखमांवर लावायला तेल: कुप्पी, कडुनिंब, तुळस आणि मेंदी यांचा मूठमूठ पाला, १० लसूण पाकळ्या, २० ग्रॅम हळद, हे सगळं अर्धा लिटर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात उकळून गार करायचं.

कुप्पी म्हणजे काय ते मला कळेना. कागद घेऊन आत्याकडं गेलो. एकेक नाव वाचत गेलो, वर्णन सांगितलं. म्हातारी उठली, घरामागं गेली आणि हातभर उंचीचं एक तण उपटून आणलं. "ही खोकली. हीच असणार. आम्ही जखमेच्या तेलात हीच घालतो." शास्त्रीय नाव अकॅलिफा इंडिका. आमच्या परसात, उकिरड्याच्या कडेला ढिगानं उगवते, आम्ही खुरपून फेकतो.

मग आत्यानं विचारलं, "हे छापलंय?"

म्हटलं, "हो, देशभर वाटलंय."

"मग गुण गेला का त्याचा?"

म्हटलं, "आत्या, ज्यांनी मापानं वापरलं त्यांच्या गाईंच्या जखमा भरताहेत."

ती बराच वेळ गप्प बसली. त्या दिवशी काही बोलली नाही.

इथं एक स्पष्ट सांगतो. लंपी हा विषाणूचा रोग आहे. तेलानं जखम भरते, माशी बसत नाही, जनावराला आराम पडतो. पण रोग रोखायचं काम लसीचं. ज्यांनी लस टाळून नुसता पाला लावला त्यांचं अनुकरण करू नका.

कागदावरची मापं आली कुठून

मला वाटायचं हे सगळं प्रयोगशाळेत ठरलं असेल. तसं नाही. तमिळनाडूत पशुवैद्यकाचे प्राध्यापक पुण्यमूर्ती यांनी जनावरांच्या पारंपरिक औषधांवर आयुष्यभर काम केलं. जी औषधं खेड्यापाड्यांत म्हातारी माणसं मूठ, चिमूट, ओंजळ अशा मापानं वापरत होती, त्यांना ग्रॅम, दिवस आणि वेळा असं रूप दिलं. पुढं एन.डी.डी.बी.नं त्यांच्या पुस्तिका काढून दूध संघांमार्फत गावागावांत पोचवल्या. म्हणजे मूळ ज्ञान आत्यासारख्यांचंच. त्याला माप मिळालं आणि ते छापलं गेलं, एवढाच फरक. पण हा फरक लहान नाही.

हळदीची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोन संशोधकांना जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. आपली आजी चूल सोडून उठायची आणि कापलेल्या बोटावर हळद दाबायची, त्याचं पेटंट. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सी.एस.आय.आर.चे प्रमुख होते. त्यांच्या संस्थेनं आव्हान दिलं आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झालं. ते कशावर रद्द झालं? "आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे" एवढ्यानं भागलं नाही. संस्कृत, उर्दू, हिंदी अशा ग्रंथांतले आणि लेखांतले ३२ संदर्भ पुढं ठेवावे लागले. लिहिलेलं होतं म्हणून हळद सुटली.

ही गोष्ट मी आत्याला दोनदा सांगितली. दुसऱ्यांदा ऐकल्यावर म्हणाली, "श्रावणात ये. पाला ओला असतो तेव्हा कळतं." असं आमचं वहीचं काम सुरू झालं.

दगडीचा लेप: माप आणि माझ्या गोठ्यातली नोंद

आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर. माझ्याकडं पाच संकरित गाई आहेत. दगडी म्हणजे काय हे दूधवाल्याला सांगायला नको. सकाळी धार काढताना दुधात गुठळ्या, कास कडक नि गरम, गाय लाथ झाडते. एक सड गेला की त्या गाईचा बाजारभाव पडतो, आणि तो सड पुढच्या वेतालाही येईल याची खात्री नाही.

एन.डी.डी.बी.च्या पुस्तिकेतलं माप असं आहे. कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, खायचा चुना १५ ग्रॅम. कोरफडीचे काटे काढून सालीसकट तुकडे करायचे आणि तिन्ही एकत्र वाटायचं. रंग लाल यायला पाहिजे. हळदीला चुना लागला की ती लाल होते, जुन्या काळी कुंकू असंच करायचे. रंग आला नाही तर चुना जुना किंवा कमी आहे असं समजा. या लगद्यातला एक मूठभर घेऊन त्यात १५० ते २०० मिली पाणी घालून पातळ करायचा. कास धुऊन, सडातलं खराब दूध पूर्ण पिळून टाकून, सगळ्या कासेला लेप लावायचा. दिवसातून १० वेळा, ५ दिवस. रोज नवा लगदा. सोबत लिंबू कापून खायला द्यायचं, दोन लिंबं दिवसातून दोनदा, तीन दिवस. दुधात रक्त येत असेल तर कढीपत्ता दोन मुठी गुळाबरोबर वाटून दिवसातून दोनदा.

खराब दूध जमिनीवर पिळू नका. भांड्यात घेऊन लांब खड्ड्यात टाका, नाहीतर तेच जंतू शेजारच्या गाईला लागतात.

माझ्या वहीत तीन वर्षांत दगडीच्या नऊ नोंदी आहेत. सहा वेळा नुसत्या लेपावर कास मऊ झाली, तीन-चार दिवसांत दूध साफ आलं. या सहाही वेळा पहिल्याच धारेला गुठळी दिसली होती आणि त्याच सकाळी लेप सुरू केला होता. बाकी तीन वेळा डॉक्टर बोलवावे लागले, त्यात एकदा गाईला ताप होता. ही काही चाचणी नाही, एका गोठ्यातली वही आहे, तेवढाच तिचा अर्थ घ्या.

लेपाचा फायदा नुसता औषधाच्या पैशाचा नाही. प्रतिजैविकाचं इंजेक्शन दिलं की ठरावीक दिवस दूध विकायचं नाही, किती ते वेष्टणावर लिहिलेलं असतं. लिटरला मिळणाऱ्या भावासाठी जीव टाकणारा माणूस ते दूध ओतून देत नाही, हे आपण सगळे जाणतो. ते कॅनमध्ये जातं आणि तिथून कुणाच्या तरी लेकराच्या पेल्यात. पाल्यानं भागलं तेवढ्या वेळा ही वेळच येत नाही. मला हे सगळ्यात मोठं वाटतं.

आणि एक खर्च कुणीच धरत नाही. दिवसातून १० वेळा लेप म्हणजे घरात कुणीतरी दिवसभर हवं. आमच्याकडं ते काम माझ्या मंडळींनी आणि सुनेनं केलं. मी पाणी धरायला गेलेलो असायचो. एखादा लेप का लागू पडला नाही याची चौकशी करताना तो खरंच १० वेळा लागला का, हे आधी विचारा. आणि गावात प्रशिक्षण ठेवाल तेव्हा पुरुषांना सतरंजीवर बसवून बायकांना चहा करायला पाठवू नका. लेप लावणार त्याच आहेत.

कुठं थांबायचं

आत्याकडून मी जे शिकलो त्यात औषधांइतकंच महत्त्वाचं हे होतं. तिच्या प्रत्येक औषधाला हद्द आहे. गरोदर बाईला अडुळसा ती देत नाही. पोट फुगलेल्या जनावराची डावी कूस ढोलासारखी ताठ झाली आणि ते तोंड उघडून धापा टाकायला लागलं की म्हणते, "आता माझं काम नाही, डॉक्टरला सांग." आणि साप चावलेल्याला ती कधीच काही देत नाही. "सापाला दवाखाना. माझ्यादेखत दोन माणसं मंदिरात ठेवून मारली लोकांनी."

म्हणून मी वहीच्या पहिल्याच पानावर लाल शाईनं हद्दी लिहिल्यात. इथंही लिहितो.

जनावराचं: ताप १०४ च्या पुढं, चारा-पाणी बंद, दूध पाण्यासारखं पिवळट, किंवा कास गार पडून निळसर झाली, तर लेपाच्या नादाला न लागता त्याच तासाला डॉक्टर. फऱ्या, घटसर्प, लाळ्या-खुरकूत यांना वेळेवर लस, पाला नाही. आणि कुठलंही पातळ औषध पाजताना जीभ ओढून, मान उंच करून घाईनं ओतू नका. ठसका लागला की औषध फुप्फुसात जातं आणि जनावर रोगानं न मरता औषधानं मरतं. जमेल तिथं गुळात गोळी करून, जिभेवर चोळून द्या.

माणसाचं: नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्या विषावर उतारा एकच, दवाखान्यातलं प्रतिसर्पविष. मण्यार चावल्याचं तर रात्री झोपेत कळतही नाही. कुत्रं चावलं तर साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि लस घ्यायची. पिसाळ एकदा झाली की तिला ना पाला ना गोळी. काविळीला माळ घालून, नाकात रस पिळून दिवस घालवू नका, आधी रक्त तपासा.

जो माणूस "माझ्याकडं सगळ्यावर औषध आहे" म्हणतो तो जाणकार नाही. आत्याच्या तोंडी "हे माझ्याकडं नाही" हे वाक्य मी कितीतरी वेळा ऐकलंय. म्हणून तिच्या बाकीच्या औषधांवर माझा विश्वास बसला.

ओळख

वहीसाठी मी आधी मोबाईलवर फोटो काढायला लागलो. आत्या हसली. तिला आता नीट दिसत नाही, पण पान चुरगाळून नाकाला लावते आणि नाव सांगते. निरगुडीचा वास, खोडाचा चीक, देठाची लव, मुळीची चव. मोबाईलमध्ये हे काही येत नाही. म्हणून मी फोटोसोबत वास, चव, चीक असे रकाने आखले, आणि सुनेला प्रत्येक वेळी बरोबर नेलं. माझ्यापेक्षा तिचं नाक तिखट आहे, माझं तंबाखूनं गेलंय.

नावांचा घोळ तर विचारू नका. एकदांडी म्हणा, दगडी पाला म्हणा, कंबरमोडी म्हणा, झाड एकच. उलट भुईआवळा म्हणून जे उपटतात त्यात सारखीच दिसणारी दोन-तीन वेगळी झाडं निघतात. गुळवेलीचं उदाहरण घ्या. करोनाच्या काळात लोकांनी दिसेल ती वेल ओरबाडून काढे केले. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल घेतली गेली असू शकते. तो वाद मोठ्या लोकांचा. आपल्यासाठी धडा सरळ आहे: ओळख पक्की नसेल तर पोटात घालायचं नाही, आणि ओळखीची असली तरी महिनोन्‌महिने रोज प्यायची नाही. म्हणून वहीत शास्त्रीय नाव हवंच. त्यासाठी कृषी सहायक मॅडमनी आणि तालुक्याच्या कॉलेजातल्या वनस्पतीशास्त्राच्या सरांनी मदत केली. आत्यानं गावठी नाव सांगायचं, सरांनी शास्त्रीय. एकमेकांकडून शिकताना दोघांचेही चेहरे बघण्यासारखे होते.

सरांकडून एक गंमत कळली. आमची जखमेवरची एकदांडी मूळची अमेरिकेतली. सीताफळही तिकडचंच, ज्याचा पाला वाटून आपण अळ्या पडलेल्या जखमेत भरतो. म्हणजे परंपरा म्हणजे बंद पेटी नव्हती. नवं तण बांधावर आलं की आपल्या आज्या-पणज्या त्याला हुंगत होत्या, लावून बघत होत्या, लागू पडलं ते ठेवत होत्या. उलटही घडलं. दवाखान्यात खोकल्याला देतात त्या ब्रोमहेक्सिनचं मूळ अडुळशात सापडलेल्या व्हॅसिसीनमध्ये आहे. देशी आणि विलायती यांच्यात बांधावरून भांडण लावून देणाऱ्यांचं म्हणून ऐकू नका.

झाडच नसेल तर

आता सगळ्यात वाईट नोंद. तीन पावसाळ्यांत आत्यानं ३४ झाडं-वेली सांगितल्या. त्यातल्या ११ आम्हाला गावच्या शिवारात कुठंच सापडल्या नाहीत. आत्या म्हणायची, "हितं होती, या बांधाला." आम्ही बघायचो तर बांधच नसायचा. जेसीबीनं सपाटीकरण झालं, दोन हात रुंदीचा बांध वीतभर राहिला, आणि उरलेल्यावर दरवर्षी तणनाशक. बांध स्वच्छ दिसला की शेतकरी कष्टाळू, अशी आपली समजूत. मोकळ्या झालेल्या जागेत मग गाजर गवत आणि घाणेरी येते. ज्ञान वहीत लिहून ठेवलं आणि झाड मारून टाकलं तर ती वही म्हणजे मेलेल्या माणसाचं रेशनकार्ड.

याच तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपलं, त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी बियाणं कपाटात ठेवलं नाही, दरवर्षी पेरलं, बायाबापड्यांना वाटलं. झाडपाल्याचंही तेच आहे. लावला तरच राहतो.

मी केलंय ते सांगतो. दोन एकराच्या एका बांधाचा दोन हात पट्टा तणनाशकाला बंद केला. त्यावर निरगुडी आणि अडुळसा दाट लावला. दोन्ही फांदीपासून येतात, जूनच्या पहिल्या पावसात वीतभर कांड्या खोचायच्या. दोन्हींना जनावर तोंड लावत नाही, म्हणून कुंपणाचं कुंपण आणि औषधाचं औषध. गुळवेलीचं बोटभर जाड कांडं कडुनिंबाच्या बुडाशी लावलं, दुसऱ्या वर्षी वेल शेंड्याला. कोरफडीचे फुटवे मोरीच्या सांडपाण्यावर. कढीपत्ता, तुळस, मेंदी परसात. नागवेल विहिरीजवळच्या सावलीत. शतावरी बियाण्यापासून लावली, तिला धीर लागतो.

तोडायचे नियम आत्याचे. साल काढायची तर झाडाच्या एकाच अंगाची, हातभर, आणि त्या झाडाला पुन्हा दोन वर्षं हात लावायचा नाही. मुळी काढायची तर अर्धी ठेवायची. तोडण्याआधी हात जोडायचे. हात जोडण्यानं औषधाला गुण येतो का ते मला माहीत नाही, पण हात जोडणारा माणूस झाड ओरबाडत नाही हे मी पाहिलंय. साल सगळीकडून सोललेलं झाड वाळून जातं, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

वही कुणाची

जैवविविधता कायदा २००२ चा. त्याप्रमाणं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला पाहिजे. २०२० च्या जानेवारीअखेरची मुदत हरित लवादानं घालून दिली होती, तेव्हा देशभर घाईघाईनं नोंदवह्या झाल्या. एका गावची मी पाहिली. झाडांची नावं बरोबर होती, पण शेजारच्या गावच्या वहीतही तीच, त्याच क्रमानं. ज्या डोंगराचं नाव त्यात होतं तो त्या गावात नव्हताच. आत्यासारख्या एकाही माणसाचं नाव नव्हतं.

आमची वही आम्ही ग्रामसभेत वाचून नोंदवहीला जोडायचा ठराव मांडणार आहोत. प्रत्येक औषधापुढं सांगणाऱ्याचं नाव, वाडी आणि तारीख. कुणी कंपनी उद्या यातून काही काढायला आली तर कागदावर पहिलं नाव ठाकरवाडीचं असेल. आत्याला हे समजावलं तेव्हा तिनं विचारलं, "म्हंजी माझ्या नावावर?" म्हटलं, "तुमच्या नावावर." तिच्या नावावर आजवर काहीच नव्हतं.

दोन औषधं तिनं अजून सांगितलेली नाहीत. आम्ही मागितलीही नाहीत. एक नातीला सांगणार म्हणते, ती आश्रमशाळेतून दिवाळीला येईल तेव्हा. ते तिचं आहे, तिनं ठरवावं.

तर मॅडम, तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर. परत सुरू करायचं म्हणजे चार कामं: झाड बांधावर जगवायचं, ओळख तरुण माणसाच्या नाकात नि हातात उतरवायची, माप आणि हद्द वहीत लिहायची, आणि सांगणाऱ्याचं नाव पुसायचं नाही. यातलं एक राहिलं तर बाकी तीन वाया जातात.

येत्या जूनला निरगुडी, अडुळसा आणि गुळवेलीच्या कांड्या माझ्याकडं मिळतील, पैसे नाहीत. नेताना आपल्या गावातल्या एका म्हाताऱ्या माणसाकडून एका झाडाचं नाव, वास आणि उपयोग लिहून आणायचा, एवढीच अट. अट आत्याची आहे. नारळ मात्र तिनं माफ केलाय.